भिंतीकडची घंटा

१

रविवारचं दुपारचं जेवण झालं, माझ्या बायकोने, मर्टलने, रेडिओ लावून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, की मी शिडी चढून पोटमाळ्यावर जातो. गुडघे कुरकुरतात, पण ती शिडी चढताना त्यांचं काही चालत नाही. वर माझं राज्य आहे. तिथे मर्टलसुद्धा विचारल्याशिवाय येत नाही. म्हणजे येते, पण निदान आधी खालून हाक तरी मारते.

त्याच वेळी शेजारच्या घरात क्लिफ पॉंटिंग आपल्या माळ्यावर चढत असतो. स्विंडनची ही रेल्वेवाल्यांची घरं, एका ओळीत, भिंतीला भिंत लागून. माझं घर ओळीतलं शेवटचं. त्यामुळे एका अंगाला क्लिफ आणि दुसऱ्या अंगाला नुसती बाहेरची भिंत. तिच्यापलीकडे आभाळ आणि खाली रस्ता.

मी जन्मभर सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढले. क्लिफ ड्रायव्हर, आणि तोही साधासुधा नाही, कॅसल जातीच्या वाफेच्या इंजिनावरचा. आमच्या गावात एवढं सांगितलं की पुढचं माणसं समजून घेतात. हिरवंगार अंग, चिमणीला तांब्याची कड, चाकावरच्या कमानीवर पितळी अक्षरांत एखाद्या किल्ल्याचं नाव. एक्सप्रेस घेऊन ती माझ्या केबिनखालून गेली की चहाचा कप बशीत नाचायचा, आणि तरी ही बाई धावपळ करतेय असं वाटायचंच नाही. क्लिफकडे बरीच वर्षं ‘ट्रेगॅरो कॅसल’ होती. तिला मोडीत काढलं त्या दिवशी हा माणूस जेवला नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्याने तीच ट्रेगॅरो छोटी करून बनवायला घेतली. पत्रा कापून, रिव्हेट ठोकून, भिंगातून बघत. त्याच्या भाचीने एकदा नाताळला दुकानातली तयार कॅसल आणून दिली. क्लिफने ती उलटीसुलटी केली, गोड हसून भाचीचे आभार मानले आणि ती गेल्यावर मला म्हणाला, “आयव्हर, ही चिमणी बघ. बादली उपडी घातलीय लेकाच्यांनी.”

मर्टल बहिणीकडे गेली होती तेव्हा आम्ही दोघांनी माळ्यांमधल्या भिंतीच्या विटा काढून भोक पाडलं. तेव्हापासून गाड्या त्याच्या घरातून माझ्या घरात येतात, वळसा घेतात आणि परत जातात. स्टेशन त्याच्या बाजूला, माझ्याकडे शेतं, मेंढ्या आणि केबिन. मर्टल परत आली, भोक बघितलं आणि म्हणाली, “वा! उद्या छप्पर खाली आलं की दोघांनी एकमेकांना झेंडी दाखवा.”

२

खेळ म्हणून केलेली गोष्टही नीट करायची, हा आमचा दोघांचा हट्ट. आम्ही गाडी नुसती सोडत नाही. आधी घंटेवर विचारतो, जसं खऱ्या केबिनी एकमेकींना विचारतात तसं. त्याच्याकडे एक खटका, माझ्याकडे घंटा, आणि उलट.

भाषा सोपी आहे. एक ठोका म्हणजे ‘आहेस का?’ चार ठोके म्हणजे ‘एक्सप्रेस आहे, पाठवू?’ समोरच्याने तेच चार ठोके परत वाजवले की झालं, त्याने ती गाडी घेतली. नको असेल तर त्याने गप्प बसायचं. मग दोन ठोके, म्हणजे ‘निघाली’. आणि गाडी पलीकडे सुखरूप पोचून रस्ता मोकळा झाला की दोन, जरा थांबून एक. तो येईपर्यंत मागून दुसरी गाडी सोडायची नाही. सगळी रेल्वे या ठोक्यांवर चालायची. आयुष्यात मला चर्चच्या घंटेपेक्षा या घंटेची भीती जास्त होती.

खऱ्या केबिनमध्ये दोन घंटा असतात, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसाठी एकेक. म्हणून मीही शोभेला दुसरी घंटा, खटक्यासकट, लावली होती, बाहेरच्या भिंतीच्या बाजूला. बंद पडलेल्या एका केबिनमधून आणलेली, अस्सल. तिथेच भिंतीला प्लास्टरचं बोगद्याचं तोंड चिकटवलं होतं, त्यात वीतभर रूळ आणि पुढे वीट. बोगद्याच्या तोंडाशी बोटाएवढा एक सिग्नल. लंडनहून येणारी लाईन इथून आत येते, असं आमचं आपलं मानायचं. घंटेची आणि खटक्याची तार मी पहिल्याच दिवशी कापून खिळ्याला गुंडाळून ठेवली होती.

३

या वसंतात क्लिफच्या हृदयाने दगा दिला. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, नळ्या, सगळं झालं. मी भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता आणि नर्सला कॅसलच्या चार सिलिंडरांबद्दल सांगत होता. बिचारी मान हलवत होती.

नर्स गेल्यावर म्हणाला, “आयव्हर, त्या रात्री इथे खिडकीबाहेर ट्रेगॅरोची शिटी वाजली.”

“औषधं चढली असतील.”

“असतील बाबा. मला वाटलं, ड्रायव्हर बदलायला मला बोलावतायत. पण बूट कपाटात आणि कपाटाला कुलूप. अनवाणी कोण जाणार इंजिनाच्या फुटप्लेटवर?” आणि हसला. मीही हसलो, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तो घरी आला. डॉक्टरने शिडी चढायची नाही म्हणून बजावलं होतं. पहिल्याच रविवारी भोकातून त्याचा आवाज आला. “उशीर झाला. वाटेत दोनदा बसलो.”

“डॉक्टरला कळलं तर?”

“डॉक्टर चढतो का इथे? आणि ऐक, मी नवीन कॅसल घेतलीय करायला. नुसत्या पट्ट्या कापून ठेवल्यात. ती धावेपर्यंत मी कुठेही जात नाही. सांगून ठेवतो.”

इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच घंटा वाजवली, त्याने उत्तर दिलं, ट्रेगॅरो खडखडत भोकातून आली. खालून मर्टलच्या लार्डी केकचा वास येत होता. जगात दुसरं काही लागतं का माणसाला?

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे घंटेचा एक ठोका पडला.

क्लिफची घंटा समोर आहे. पाठीमागे आहे ती भिंतीकडची.

४

मी वळून बघितलं. तार खिळ्याला गुंडाळलेली, जशीच्या तशी. टोकाला धूळ. मी स्वतःला म्हटलं, खालून लॉरी गेली असेल. घर हलतं, घंटा हलते. छप्पर तापलं की लोखंड वाजतं. उंदीर. मी घंटेच्या पेटीत डोकं घालून बघितलं, फुंकर मारली, हातोडी बोटाने हलवली. ती चांगली जड आहे. उंदराच्या बापाच्यानेही हलणार नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा एक ठोका. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. ‘आहेस का?’ मी उत्तर दिलं नाही. नसलेल्या केबिनला कोण उत्तर देतो? पण खरं सांगतो, विचारणाऱ्याला ताटकळत ठेवायला फार वाईट वाटत होतं. असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं.

मग जूनमधला एक रविवार आला. खिडकी उघडी, ऊन मस्त पडलेलं, क्लिफ पलीकडे शीळ घालत होता. मी मेंढ्यांवरची धूळ ब्रशने झाडत होतो, सगळं लक्ष मेंढ्यांत. पाठीमागे चार ठोके पडले, सारखे, स्वच्छ, चांगल्या हाताचे. आणि माझा डावा हात मागच्या खटक्यावर गेला आणि त्याने चार ठोके परत दिले.

जित्याची खोड! ऐंशीच्या घरातला म्हातारा झोपेतसुद्धा हेच करील. मेंदूला कळायच्या आत हाताने गाडी घेतली होती.

मी ब्रश खाली ठेवला. खटक्याची तार तर मी कापलेलीच होती, मग माझे ठोके कुठे जाणार? कुठेच नाही. असं मी म्हणतोय तोवर घंटेवर दोन ठोके पडले. निघाली.

पलीकडची शीळ थांबली. भोकातून क्लिफचा आवाज आला, अगदी सहज, “आयव्हर, माझी टोपी तुझ्याकडे राहिलीय का रे?”

“कशाला हवी टोपी?”

“काय माहीत. ट्रेगॅरो येतेय वाटतं. ड्रायव्हर बदलायचा असेल.”

त्याची ट्रेगॅरो त्याच्याच समोर रुळावर उभी होती. मी भोकातून बघितलं तर तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो उभा राहून कोटाची बटणं लावत होता, कामावर निघालेला माणूस लावतो तशी.

५

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण कुणी सिग्नलवाला ऐकत असेल तर त्याला ते पटलं पाहिजे.

घेतलेली गाडी परत पाठवता येत नाही. पण माझ्या बोगद्यापाशी माझा सिग्नल आहे, आणि त्याचा लिव्हर माझ्या हातात आहे. मी तो ओढला नाही. लाल हात आडवाच ठेवला. वर लिव्हरला पितळी कडं घातलं. इथे गाडी उभी आहे, विसरू नको, याची ती खूण.

खिडकीतून रस्त्यावरच्या पोरांचा आवाज येत होता. आणि भिंतीतून, विटांच्या पलीकडून, जिथे उभं राहायला जागाच नाही तिथून, सुस्कारा आला. थांबलेलं मोठं इंजिन टाकतं तो. मग थेंब थेंब पाणी गळल्याचा आवाज. मी भिंतीला तळहात लावला. उत्तरेकडची भिंत ती, ऑगस्टमध्येही गार असते. आता पोळीच्या तव्यासारखी नाही, पण मांजर बसून उठलेल्या खुर्चीसारखी उबदार होती.

“काय उभं आहे रे तुझ्याकडे?” क्लिफने विचारलं.

“काही नाही.”

“खोटं बोलतोस. मला तिचा श्वास ऐकू येतोय.”

“मग असू दे उभी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. “क्लिफ, लेका, बस खाली. कोट काढ. मी तिला पुढे सोडणार नाही. काय वाट्टेल ते होऊ दे.”

मग तो हळूच म्हणाला, “एक्सप्रेस अडवून ठेवायला कारण लागतं, आयव्हर. उगाच अडवलीस तर तुझीच मान अडकेल.”

“तूच दे ना कारण मग. तुझ्या लाईनीवर गाडी असली तर मी पुढे दुसरी कशी पाठवू?”

तो हसला. अगदी पूर्वीसारखा, पोटातून. कोटाची बटणं काढल्याचा, खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मग त्याने आपली ट्रेगॅरो सुरू केली. वळशामागून वळसा. ‘रस्ता मोकळा’ची घंटा त्याने वाजवली नाही.

खालून मर्टल ओरडली, “माझे वाळत घातलेले उशांचे अभ्रे कुणी काळे केले? रविवारचा कोळसा कोण जाळतोय मेला?”

६

शिटी दुसऱ्या दिवशी वाजली. लांब, शांत. रागाची नव्हती. मी इथे आहे, एवढंच सांगणारी. मी उत्तर दिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. रेल्वेचा प्रत्येक माणूस जी पाठ म्हणू शकतो तीच नेमकी विसरलो. सिग्नलला गाडी फार वेळ थांबली तर ड्रायव्हर आपल्या फायरमनला, म्हणजे भट्टीत कोळसा घालणाऱ्याला, केबिनकडे पाठवतो. फायरमन रुळाच्या कडेने चालत येतो, केबिनच्या पायऱ्या चढतो, सिग्नलवाल्याला आठवण देतो, लिव्हरवर कडं आहे ना ते बघतो. आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच थांबतो. नियमच आहे तसा. त्या नियमाने किती जीव वाचलेत याला गणती नाही.

तिसऱ्या दिवशी मी दुपारी वर होतो. हो, आता आम्ही रोज बसतो, रविवारपर्यंत कोण थांबणार? खालच्या जिन्यावर बूट वाजले. दमलेली, सावकाश पावलं. मग माळ्याच्या शिडीवर. मला वाटलं क्लिफच आला की काय मूर्ख. पण क्लिफ भोकापलीकडे खोकत होता.

मी लिव्हरांकडे तोंड करून उभा राहिलो आणि वळलो नाही. वास आला आधी. गरम तेल, ओला कोळसा, आणि इंजिनाच्या भट्टीत धरून फावड्यावर तळलेलं बेकन. हा शेवटचा वास इतका ओळखीचा आणि इतका चांगला, की भीती वाटायची ती वाटून वर भूकही लागली. लाज वाटते सांगायला.

माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. नखांत काळं, मनगटाशी भाजल्याचा जुना डाग. एका बोटाने त्याने लिव्हरवरचं पितळी कडं चाचपलं. आहे, बसलंय नीट. मग हात मागे गेला.

“पुढे लाईन मोकळी नाही,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. भोकातून ट्रेगॅरो फिरल्याचा आवाज येतच होता.

कोपऱ्यातली माझी जुनी खुर्ची कुरकुरली. तो बसला.

संध्याकाळी खाली आलो तर मर्टल म्हणाली, “पाहुणा कोण गेला होता वर? बूट तरी पुसायला सांगायचे.” जिन्यावर काळे ठसे होते. वर जाणारे. खाली येणारे नव्हते.

७

आता ऑगस्ट संपत आलाय. क्लिफची तब्येत बघून डॉक्टर स्वतःवर खूष आहे. नवीन कॅसलची चाकं बसली, चिमणी बसली, आता मागचा कोळशाचा डबा, म्हणजे टेंडर, राहिलंय. मर्टल भोकातून त्याला केकचा तुकडा देते, छोटा, आणि तो म्हणतो, “एवढ्याने माझी ट्रेगॅरोसुद्धा चढ चढणार नाही, बाई.” मर्टल म्हणते, “चढायचं कुणाला आहे? बस तिथेच.” तिला काय कळतं आणि काय नाही, मी विचारत नाही. वर चहा आणते तेव्हा तीन कप आणते आणि कोपऱ्याकडे न बघता एक तिथे ठेवते. कप रिकामा होतो.

खरं सांगू? सवय होते. खिडकीतून वारा येतो, भिंत उबदार असते, पाठीमागे कुणीतरी धीराने बसलेलं असतं. वाईट माणूस नाही तो. त्याचं काम आहे, माझं माझं. मी मात्र वळून बघत नाही. तेवढी माझी हिंमत नाही.

काल दुपारी जेवण जरा जड झालं होतं. ट्रेगॅरो फिरत होती, एकसारखी, आणि मला ऐकता ऐकता लक्षात आलं की क्लिफ बऱ्याच वेळात काही बोलला नाही. शीळ नाही, खोकला नाही.

“क्लिफ?”

ट्रेगॅरोचा वेग मंदावला. वळणावर चाकं कण्हली आणि ती थांबली.

मी घंटेचा खटका दाबला. एक ठोका. आहेस का?

उत्तर नाही. भोकातून बघितलं तर खुर्चीची पाठ दिसली आणि त्याच्या डोक्यावरचे चार पांढरे केस. मान कलती.

एक ठोका.

पाठीमागे खुर्ची वाजली. तो उठला. बुटांखाली फळी दबली, मग दुसरी. बेकनचा वास माझ्या अगदी कानाशी आला. भिंतीपलीकडे वाफेचा आवाज चढला, सुटायच्या आधी चढतो तसा. काळ्या नखांचा तो हात पुढे आला आणि कड्याच्या जवळ, न शिवता, थांबला. वाट बघत होता, माणुसकीने. ते कडं मीच काढायचं असतं.

मी दोन्ही हातांनी लिव्हर धरून ठेवला आणि कोपराने खटका दाबला. एक ठोका. “क्लिफ, अरे ए! उत्तर दे, लेका! आहेस का?” मी रडत होतो. ऐंशीचा घोडा, रडत होतो.

काही नाही. काही नाही.

मग माझ्या समोरच्या घंटेवर एक ठोका पडला. आळसावलेला, कसाबसा. “ओरडतोस काय गाढवासारखा? आहे.”

“झोपला होतास!”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटून टेंडरचा विचार करत होतो.”

“तो डोळे उघडून कर,” मी म्हणालो. “आणि गाडी चालू ठेव.”

जरा वेळाने ट्रेगॅरो पुन्हा फिरायला लागली. काळा हात माझ्या समोरून मागे गेला. भिंतीपलीकडची वाफ उतरली. फळ्या वाजल्या, खुर्ची कुरकुरली, आणि तो पुन्हा बसला.

मी त्याच्याकडे न बघता त्याच्या कपात चहा ओतला.